.२२ रायफल घेताय? आधी एवढं वाचा : नळी, माप, काडतूस आणि परवान्याची सविस्तर माहिती

उत्रोली (ता. भोर) : १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक जिंकलं. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं पदक आणलं होतं. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. स्वप्नील कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. म्हणजे आपल्या भोर-वेल्ह्यासारख्याच डोंगरी भागातलं पोरगं.

तेव्हापासून "आमच्या पोराला नेमबाजी शिकवायची आहे, रायफल कोणती घ्यावी?" असा प्रश्न गावोगावचे पालक विचारू लागले आहेत. काही जण कर्ज काढायला तयार आहेत, काही जमिनीचा तुकडा विकायचं बोलतात. घाईत चुकीची रायफल घेतली तर पैसा जातो. कागदपत्रं चुकली तर पोलीस केस होते. म्हणून स्वप्नीलच्या प्रकारात वापरतात ती .२२ रिमफायर रायफल कशी निवडायची, याची माहिती एका जागी देत आहोत. लेख मोठा आहे, सेव्ह करून ठेवा.

रिमफायर म्हणजे नक्की काय?

काडतुसाच्या बुडाला जी कडा असते तिला रिम म्हणतात. .२२ काडतुसात पेट घेणारा मसाला या कडेच्या आतल्या पोकळीत भरलेला असतो. रायफलीची पिन बुडाच्या मध्यावर न बसता कडेवर बसते, कडा चेपते आणि मसाला पेटतो. म्हणून नाव रिमफायर. मोठ्या रायफलींत पिन मध्यावर बसते, त्यांना सेंटरफायर म्हणतात.

कडा चेपली जाण्यासाठी काडतुसाचं पितळ पातळ ठेवावं लागतं. त्यामुळे आतला दाब कमी, धक्का जवळजवळ नाही आणि आवाजही कमी. एकदा उडालेलं काडतूस पुन्हा भरता येत नाही.

स्पर्धेत वापरतात ते .२२ लाँग रायफल काडतूस. त्याची शिशाची गोळी ४० ग्रेन, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम वजनाची आणि ५.६ मिलिमीटर जाडीची असते. स्पर्धेच्या गोळीचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा थोडा कमी ठेवतात, सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास. आवाजाचा वेग ओलांडून गोळी परत खाली आली की ती डगमगते आणि नेम बिघडतो.

"छोटी गोळी आहे, काय होतंय" असं समजू नका. .२२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि माणसाचा जीव घेऊ शकते. शिसं मऊ असल्यामुळे खडकावरून किंवा पाण्यावरून ती सहज उसळते. आपल्याकडे एका डोंगरउतारावर शेत, खाली वस्ती आणि पलीकडे धरणाचं पाणी अशी परिस्थिती सगळीकडे आहे. रेंज सोडून ही रायफल कुठेही चालवण्याची नाही.

आधी ठरवा, कशासाठी हवी आहे?

नेमबाजीच्या खेळासाठी : हो, ही रायफल त्याच कामासाठी आहे. हा लेखही त्याबद्दलच आहे.

रानडुकरांसाठी : नाही. भात, भुईमूग, मका यांची नासाडी होते तेव्हा शेतकऱ्याचा जीव तुटतो, हे खरं आहे. पण .२२ च्या गोळीने डुक्कर जागेवर पडत नाही. ते जखमी होऊन झाडीत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी गवताला गेलेल्या बाईमाणसावर चाल करून येतं. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय डुक्कर मारलं तर गुन्हा दाखल होतो. पीक नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते. त्यासाठी लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या.

घराच्या राखणीसाठी : नाही. ती वेगळी परवान्याची बाब आहे आणि त्या कामाला ही रायफल योग्यही नाही.

रुबाबासाठी, वरातीत किंवा निवडणुकीच्या विजयात हवेत उडवण्यासाठी : अजिबात नाही. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

रायफलीच्या आधीच्या तीन पायऱ्या

थेट .२२ विकत घेऊन नेमबाजीची सुरुवात कोणीच करत नाही. स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि तिथून पुढे आला. म्हणजे आधी प्रशिक्षण, मग स्वतःची बंदूक. आपल्या भागातल्या मुलांसाठी या पायऱ्या अशा :

१) एअर रायफल. हवेच्या दाबावर चालणारी, ४.५ मिलिमीटर (.१७७) छर्ऱ्याची रायफल. छर्ऱ्याची ताकद २० ज्यूलपेक्षा कमी असेल तर तिला शस्त्र परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्राची नोंद मात्र करतो. १० मीटरच्या स्पर्धा यावरच होतात. घराच्या पडवीत, मागे मजबूत भिंत आणि छर्रे अडवणारी पेटी ठेवून, मोठ्यांच्या देखरेखीखाली सराव करता येतो. शालेय क्रीडा स्पर्धांमध्येही एअर रायफल असते.

२) एनसीसी. ज्या शाळा-कॉलेजात एनसीसी आहे तिथे कॅडेटना .२२ रायफलीवर फायरिंग करायला मिळतं. पैसे न घालता हातात .२२ येण्याचा हा सगळ्यात सोपा रस्ता. मुलाला खरंच गोडी आहे की टीव्हीवर बघून हौस आली आहे, ते इथे कळतं.

३) क्लब आणि रेंज. पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात शूटिंग रेंज आहे. उत्रोलीहून कापूरहोळमार्गे साठ-पासष्ट किलोमीटर पडतं. जाण्या-येण्यात अर्धा दिवस जातो, हे धरूनच ठरवा. मान्यताप्राप्त क्लबचे सदस्य व्हा. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला क्लबची रायफल वापरायला मिळते. किमान वर्षभर तीच वापरा.

वर्षभरानंतर प्रशिक्षक स्वतःहून "आता याला स्वतःची रायफल लागेल" म्हणाले, तरच पुढचं वाचा.

चांगली रायफल कशी ओळखायची?

दुकानात रायफल चकाचक दिसते. पण पाहायच्या गोष्टी पाचच आहेत.

नळी : रायफलीचा जीव नळीत असतो. आतल्या पिळदार खाचा गोळीला फिरकी देतात. .२२ मध्ये साधारण १६ इंचात एक वेढा असा पीळ असतो. खाचा एकसारख्या हव्यात, कुठे गंज किंवा खड्डा नको. नळीचं तोंड, जिथून गोळी शेवटची सुटते, तिथे ओरखडाही नको. तिथला छोटासा टवकाही गोळीला एका बाजूला ढकलतो.

बोल्ट : स्पर्धेच्या बहुतेक .२२ रायफली एकेक गोळी हाताने भरण्याच्या असतात. बोल्ट मागे-पुढे करताना तो अडखळू नये आणि बंद झाल्यावर खुळखुळू नये. पिन झटकन बसली पाहिजे. चाप दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ जितका कमी, तितकं नळी हलण्याचं भय कमी.

चाप (ट्रिगर) : नवशिक्याला हाच भाग सगळ्यात कमी दिसतो आणि याच्यावरच सगळ्यात जास्त गुण जातात. चांगला चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट हलकं आत जातं, मग एक ठाम अडथळा लागतो, आणि त्यानंतर किंचित दाबलं की सुटतो. खरखर नको, ओढल्यासारखं वाटायला नको. स्पर्धेच्या रायफलीचा चाप शंभर ग्रॅमच्या आसपास हलका करता येतो. नवशिक्याने एवढा हलका ठेवू नये.

दस्ता : खांद्याला लागणारा लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा भाग. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, म्हणून नळी बसवायची जागा नीट बनवलेली असावी. आजकाल अ‍ॅल्युमिनियमचे दस्ते जास्त दिसतात. त्यांचे जवळजवळ सगळे भाग सरकवता येतात.

साइट : स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. मागे बारीक भोकाची डायॉप्टर साइट आणि पुढे गोल कडी असते. मागच्या साइटचे खटके मोजता आले पाहिजेत. चार खटके उजवीकडे देऊन परत चार डावीकडे दिले, तर गोळी पहिल्या जागी परत आली पाहिजे. येत नसेल तर साइट खराब आहे.

अंगाला बसते का?

दुसऱ्याची चप्पल घालून गड चढता येत नाही, तसंच दुसऱ्याच्या मापाच्या रायफलीने नेम धरता येत नाही. जगातली सगळ्यात महागडी रायफलही अंगाला बसत नसेल तर उपयोगाची नाही.

थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून अशा तीन आसनांत प्रत्येकी २० गोळ्या मारायच्या असतात. प्रत्येक आसनात शरीराचं माप बदलतं. म्हणून हे तपासा :

- खांद्यापासून चापापर्यंतची लांबी कमी-जास्त करता येते का? वाढत्या वयाच्या मुलांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं.
- गाल टेकवायचा भाग वर-खाली होतो का? मान न वाकवता डोळा थेट भोकासमोर आला पाहिजे.
- खांद्यामागची पट्टी वर-खाली आणि तिरकी होते का?
- वजन पेलतं का? नियमाने ५० मीटर रायफल ८ किलोपर्यंत चालते. पण तेरा-चौदा वर्षांच्या बारीक पोराला एवढं वजन दिलं तर कंबर आणि पाठ दुखावते. हलकीपासून सुरुवात करा.
- डावखुरा आहे का? डाव्या हाताची रायफल वेगळी मिळते.

हाताबरोबर डोळाही तपासा. दोन्ही तळवे पुढे धरून अंगठ्यांमध्ये छोटं तिकोनी भोक करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबचा विजेचा खांब किंवा देवळाचा कळस बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने कळस भोकातच दिसतो, तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा मुख्य निघाला, तर रायफल घेण्याआधी प्रशिक्षकाशी बोला.

कोणत्या कंपन्या?

जगभरच्या ५० मीटर स्पर्धांत जर्मनीच्या आन्शुट्झ, वाल्थर आणि फाइनवर्कबाऊ या कंपन्या वर्षानुवर्षं दिसतात. स्वित्झर्लंडच्या ब्लायकर आणि ग्रुनिग-एल्मिगर यांच्या रायफलीही वरच्या दर्जाच्या मानतात.

आन्शुट्झमध्ये दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवा. 'मॅच ६४' यंत्रणेच्या रायफली हलक्या आणि त्यामानाने स्वस्त, शिकणाऱ्यासाठी योग्य. उदाहरणार्थ १९०३ हे मॉडेल. 'मॅच ५४' यंत्रणेच्या, म्हणजे १९०७, १९१३ या मॉडेल, वरच्या पातळीसाठी. रायफलींच्या नावातले हे आकडे मॉडेलचे आहेत, बनवल्याच्या सालाचे नाहीत. जुनी रायफल विकणारा काही जण यात गल्लत करतात.

आपल्याकडे सरकारी कारखान्याची .२२ स्पोर्टिंग रायफलही आहे. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यात दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया ही कंपनी आपल्या पुण्यातून चालते. सरकारी .२२ रायफल टिकाऊ आणि स्वस्त आहे, हात बसवायला बरी. पण तिचं माप बदलता येत नाही आणि चाप जड असतो. राज्य पातळीच्या वर ती पुरणार नाही.

परदेशी रायफल कोणीही सरळ मागवू शकत नाही. राष्ट्रीय पातळीवर ठरावीक गुण मिळवून 'नामांकित नेमबाज' हा दर्जा मिळाला की नॅशनल रायफल असोसिएशनच्या (एनआरएआय) शिफारशीने आयात करता येते. तिथपर्यंत जायचा रस्ता मावळणकर स्पर्धेतून जातो. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हेच १९५१ साली एनआरएआयच्या स्थापनेत पुढे होते. त्यांच्या नावानेच ही स्पर्धा होते.

काडतूस : रायफलीची खरी परीक्षा

ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. प्रत्येक .२२ नळीला ठरावीक काडतूस 'लागतं'. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली एकाच डब्यातल्या गोळ्यांनी वेगवेगळा निकाल देतात. एवढंच काय, एकाच ब्रँडच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. म्हणून मोठे नेमबाज रायफल स्टँडमध्ये घट्ट बसवून वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि जमलेला लॉट वर्षभराचा घेऊन ठेवतात.

इंग्लंडची एली (टेनेक्स), फिनलंडची लापुआ (सेंटर-एक्स, एक्स-अ‍ॅक्ट), जर्मनीची आरडब्ल्यूएस (आर५०) आणि सरावासाठी एसके ही नावं रेंजवर कायम ऐकू येतील.

आता हिशोब समजून घ्या. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं, आपल्या करंगळीच्या नखाएवढं. गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीने वर्तुळाची रेघ नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा.

म्हणून रायफल तपासायची रीत अशी : स्टँडवर किंवा पक्क्या टेकूवर ठेवून ५० मीटरवर १० गोळ्या मारा. सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. १६ मिलिमीटरच्या आत असेल, तर रायफल आणि काडतूस सगळे दहा देऊ शकतात, बाकी चूक माणसाची. त्यापेक्षा जास्त पसरत असेल, तर पोराने कितीही घाम गाळला तरी काही गोळ्या नऊवर जाणारच. एकाच कागदावर विश्वास ठेवू नका, किमान चार-पाच कागद मारा.

पॅरिसच्या पात्रता फेरीत स्वप्नीलने ६०० पैकी ५९० गुण मिळवले आणि सातव्या क्रमांकाने अंतिम फेरी गाठली. साठ गोळ्यांत फक्त दहा गुण गेले. या पातळीवर काडतुसाचा एक खराब लॉट पदक घालवू शकतो.

खर्च कुठे जातो?

परदेशी स्पर्धा रायफलीचा आकडा लाखांत जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण घरचं गणित बिघडवतात ती काडतुसं.

समजा मुलगा आठवड्यात चार दिवस, रोज १०० गोळ्या मारतो. आठवड्याला ४००, म्हणजे वर्षाला वीस हजार गोळ्या. एका गोळीला समजा ३० रुपये धरले, तर वर्षाचे सहा लाख होतात. भाव कमी-जास्त असेल, तुम्ही आज दुकानात विचाराल तो आकडा घालून हाच गुणाकार करा. त्यात जाड कॅनव्हास-चामड्याचं शूटिंग जॅकेट, पँट, बूट, हातमोजा, स्लिंग, गुडघ्याखालची गुंडाळी, कानाचं संरक्षण, रेंजची फी आणि पुण्याचा प्रवास मिळवा.

यावर उपाय आहे. दहा गोळ्यांचा सराव दोन गोळ्यांत करता येत नाही, पण काडतुसाशिवाय सराव होतो. आसन धरणं, श्वास रोखणं, चाप दाबणं याचा सराव घरी रोज तासभर केला तर गोळ्या निम्म्या लागतात. एक मात्र जपा. रिमफायर रायफल रिकामी असताना सारखी चाप दाबू नका. काडतुसाची कडा आत नसल्यामुळे काही रायफलींत पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथे खाच पडते. बऱ्याच स्पर्धा रायफलींना सरावासाठी वेगळी सोय असते. ती आहे का, ते घेतानाच विचारा.

जुनी रायफल घेताना

नव्यापेक्षा चांगल्या नेमबाजाची जुनी रायफल बऱ्याचदा फायद्याची ठरते. .२२ ची नळी सांभाळली तर फार वर्षं टिकते. तपासणी अशी :

- बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघा. खाचा चकचकीत आणि एकसारख्या दिसाव्यात.
- चेंबरच्या काठावर पिनेची खूण आहे का, नखाने चाचपून बघा. खूण असेल तर काडतूस नीट बसत नाही, कधी फुसकंही जातं.
- रिकामं काडतूस दरवेळी एका झटक्यात बाहेर येतं का?
- दस्त्याला भेग, डिंक लावलेली जागा, बदललेले स्क्रू आहेत का?
- नळी आणि बोल्टवरचे नंबर परवान्यावरच्या नंबराशी जुळतात का? एक आकडा जरी चुकला तरी व्यवहार करू नका.
- तुमच्या काडतुसाने, तुमच्यासमोर, रेंजवर ग्रुप मारून दाखवायला सांगा. "नंतर बघू" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

व्यवहार दोन परवानाधारकांमध्येच होतो. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. नामांकित नेमबाजाने आयात केलेली रायफल असेल, तर विक्रीच्या अटी एनआरएआयकडून आधी तपासून घ्या.

परवाना : इथे घाई नको

.२२ रायफलीला शस्त्र परवाना लागतोच. पुण्याच्या ग्रामीण भागात तो जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी देतात. अर्ज शस्त्र परवान्याच्या ऑनलाइन प्रणालीत भरला जातो आणि स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. थोडक्यात मुद्दे :

- वय : किमान २१ वर्षं. त्याखालच्या मुलांना प्रशिक्षणासाठी नियमांत वेगळ्या अटी आहेत, त्या क्लबमार्फत समजून घ्या.
- कारण : मान्यताप्राप्त रायफल क्लब किंवा असोसिएशनच्या सदस्याला टार्गेट सरावासाठी परवाना, अशी वेगळी तरतूद शस्त्र कायदा १९५९ मध्येच आहे. म्हणून आधी क्लबचं सदस्यत्व, मग अर्ज.
- प्रशिक्षण : शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचा प्रशिक्षण दाखला लागतो.
- नंबर : परवान्याला युनिक आयडी नंबर (यूआयएन) असतो. तो नसलेला परवाना ग्राह्य नाही.
- मुदत : २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.
- संख्या : सामान्य माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. खेळाडूंसाठी वेगळी सवलत आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर "विना परवाना .२२, डिलिव्हरी घरपोच" असे मेसेज आले तर डिलीट करा, आगाऊ पैसे तर मुळीच पाठवू नका. बहुतेक वेळा पैसे घेऊन माणूस गायब होतो. आणि शस्त्र खरंच हातात आलं तर ते त्याहून वाईट : विनापरवाना शस्त्र बाळगल्यास कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. शस्त्र कायद्याची केस अंगावर असलेल्या पोराची पोलीस भरती, सैन्य भरती, रेल्वे, सगळं तिथेच अडकतं.

घरी कशी ठेवायची?

आपल्याकडचा पाऊस लोखंडाचा शत्रू. जून ते सप्टेंबर रायफल फोमच्या पेटीत बंद ठेवू नका, फोम ओल धरतो आणि आठवड्यात गंज चढतो. रेंजवरून आल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, बाहेरून तेलाचा पातळ हात फिरवा, कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा. नळी साफ करताना सळई नेहमी मागून, चेंबरच्या बाजूने घाला. पुढून घातली तर तोंड घासतं.

रायफल कुलूपबंद लोखंडी कपाटात, बोल्ट वेगळा, काडतुसं वेगळ्या कुलपात. चावी मोठ्या माणसाकडे. प्रवासात रायफल रिकामी, पेटीत, आणि परवाना सोबत. निवडणुकीच्या काळात शस्त्रं जमा करण्याचा आदेश निघतो. तेव्हा पोलीस ठाण्यात जाऊन तुमच्याबाबत काय करायचं ते आधीच विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुलगी आहे, जमेल का?
का नाही? कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. या खेळात ताकदीपेक्षा स्थिरता लागते.

चष्मा असेल तर?
चालतो. शूटिंगचा वेगळा चष्मा मिळतो. डोळ्यांची तपासणी आधी करून घ्या.

दुर्बीण लावलेली मॅगझिनची .२२ घेतली तर?
ऑलिम्पिकच्या ५० मीटर प्रकारात ती चालणार नाही. मुलाला स्पर्धेत उतरवायचं असेल तर पैसे वाया जातील.

गावात रेंज नाही, शेतात सराव केला तर?
नाही. .२२ चा सराव फक्त मान्यताप्राप्त रेंजवर. घरी एअर रायफल आणि काडतुसाशिवायचा सराव करा.

शेवटी एवढं लक्षात ठेवा

१. आधी एअर रायफल आणि क्लब, किमान एक वर्ष.
२. रायफल अंगाला बसली पाहिजे आणि मुलाबरोबर वाढली पाहिजे.
३. ५० मीटरवर १० गोळ्या १६ मिलिमीटरच्या आत, तेही चार-पाच वेळा.
४. दोन वर्षांच्या काडतुसांचा पैसा बाजूला निघत असेल तरच रायफल घ्या.
५. परवान्याशिवाय रायफलीला हातही लावू नका.

यातला चौथा मुद्दा घरात सगळ्यांनी बसून बोला. महागडी रायफल कपाटात आणि काडतुसाला पैसे नाहीत, अशी वेळ आली तर पोराचा खेळ थांबतो आणि कर्ज तेवढं राहतं. त्यापेक्षा क्लबच्या साध्या रायफलीवर भरपूर गोळ्या मारलेलं पोरगं पुढे जातं. तेव्हा जमिनीला हात लावण्याआधी एका रविवारी मुलाला घेऊन बालेवाडीला जा. रेंजवरचे प्रशिक्षक आणि तिथे आलेले पालक, दोघांशी बोला आणि मगच ठरवा.